वरचं गेट

बाबा, तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही गावी गेल्यावर आपण फोनवरच बोलायचो, आणि तेही माझ्या घाईत. आता घाई करायला काही कारण उरलेलं नाही, म्हणून कुवेतमधल्या फहाहीलच्या शाळेचं ते प्रकरण एकदा सरळ सांगून टाकते. मी तिथे प्राथमिकला शिकवत होते, आणि शाळेच्या दक्षिणेला जो गॅसचा प्लांट होता तिथे तुम्ही सेफ्टीत होतात. उद्या तिथे काही गळलं तर मुलांना कुठल्या बाजूने बाहेर काढायचं, हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं. एका वर्षी प्रिन्सिपॉल बाईंनी ठरवलं की याचा लेखी आराखडा हवा. “तुझे वडील तिथेच आहेत, तूच कर,” म्हणाल्या. मी हो म्हटलं खरं, पण मला तुम्हाला विचारायचं जिवावर आलं होतं. माझं इंग्रजी फर्डं होतं, नकाशे मी कॉम्प्युटरवर काढत होते, आणि तुम्ही अजून गावातल्यासारखं हेल काढून बोलायचात. त्याची मला लाज वाटायची. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

शुक्रवार होता, सुट्टीचा. आई ओट्यापाशी पापलेटं साफ करत होती. तुम्ही चहाची बशी बाजूला सारलीत, शाळेचा नकाशा पुढ्यात ओढलात आणि चष्मा लावायच्या आधीच बोलायला लागलात. “प्लांटाकडसून वारो येत असलो, तर पोरांक वरच्या गेटान भायर काढ. वाऱ्याफुडे धावचा नाय, बाजूक जावचा.” मी म्हटलं, “बाबा, हळू. आणि नीट मराठीत सांगा ना.” तुम्ही आईकडे बघून म्हणालात, “मगे मी काय अरबीत बोलतंय?” आई खो खो हसली. मला राग आला, आणि त्या रागातच मी लिहून घेतलं. वरचं गेट म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूचं, म्हणजे उत्तरेचं. ‘बाजूक जावचा’ हे वाक्य मी लिहिलंच नाही. मला ते तुमचं नेहमीचं पाल्हाळ वाटलं. उठताना तुम्ही विचारलंत, “खाली माझा नाव घालशीत काय गो? बारीक अक्षरात घातलंस तरी चलात.” मी घातलं. सल्ला, आणि पुढे तुमचं नाव.

आपल्या गावात खाली म्हणजे समुद्राकडे आणि वर म्हणजे समुद्रापासून लांब, डोंगराकडे. तुम्ही दिशा अशाच सांगायचात. कुवेत तर ताटासारखं सपाट, तरी आतल्या अहमदीहून समुद्राकाठच्या फहाहीलला यायचं झालं की तुम्ही टॅक्सीवाल्या पठाणाला “नीचे चलो” म्हणायचात आणि तो बिचारा खिडकीतून रस्त्याकडे बघायचा. हे मी शंभर वेळा ऐकलेलं, त्यावरून तुमची चेष्टा केलेली. तुमचं वरचं गेट म्हणजे वाळवंटाच्या बाजूचं, पश्चिमेचं, हे मला कळायला हवं होतं. नकाशा पुढ्यात आला आणि मी तुमची मुलगी असल्याचं विसरले.

ड्रिलच्या दिवशी तुम्ही रजा टाकून आलात. इस्त्रीचा गणवेश, हातात रुमाल उंच धरलेला, वारा बघायला. वारा नेमका दक्षिणेचा होता, दमट, चिकट. घंटा झाली, मुलं ओळीने निघाली, आणि मी त्यांना उत्तरेच्या गेटकडे वळवलं. वारा पाठीवर, मुलं त्याच्या पुढे. गॅस असता तर तो आमच्याबरोबरच चालत आला असता. तुम्ही मैदानातून धावत आलात. “अगो, खंय नेतंस पोरांक? वर! वर!” मुलं हसायला लागली. एका मुलीने विचारलं, “मिस, हू इज दॅट अंकल?” मी म्हटलं, “समवन फ्रॉम द प्लांट.” तुम्ही दोन पावलांवर होतात. रुमाल खाली आला.

प्रिन्सिपॉल बाईंनी नंतर बोलावून विचारलं की हे गेट कोणी सांगितलं. तोवर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. मी म्हटलं, वडिलांनी सांगितलं, नकाशात दिशांचा त्यांचा जरा गोंधळ होतो. त्या समजूतदारपणे म्हणाल्या, “राहू दे मग, त्यांचं नाव काढून टाक. उगाच कोणी विचारायला नको.” मी गेट बदललं, पश्चिम केलं, नाव काढलं आणि नवी प्रत वर्गावर्गात लावली. पुढे एकदा खरोखरच वास आला. मुलं पश्चिमेच्या गेटने बाहेर गेली, कोणाला साधा खोकलाही झाला नाही. सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं आणि मी ते घेतलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी तुम्हाला त्यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नावाचंही निघालं असतं.

निवृत्त होऊन गावी जाताना तुम्ही त्या कागदाची एक प्रत मागितलीत, लोकांना दाखवायला. मी काय केलं, तर जुनी फाईल उघडली, जिच्यात तुमचं नाव अजून होतं, आणि एक प्रत छापून दिली. गेटचं काय लिहिलंय ते बघितलंही नाही. नंतर फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत, “आता खंयच्या गेटान काढतत पोरांक?” मी दोन्ही वेळा म्हटलं, “बाबा, झाला तो विषय आता.” मला वाटायचं, तुम्ही मला टोचताय.

तुम्ही गेल्यावर मी आले तेव्हा तो कागद माजघरात भिंतीवर होता, प्लास्टिक लावून. ‘नॉर्थ’ निळ्या बॉलपेनने खोडलेलं होतं आणि वर इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं काढून, ‘वेस्ट’. माझी चूक कुठे झाली ते तुम्हाला कळलं होतं, आणि मला कळेल अशा भाषेत तुम्ही ती दुरुस्त केली होती. त्याच पेनाने खाली तुमचं नावही खोडलेलं होतं, एकदा नाही, कागद फाटेपर्यंत. शाळेत अजून हाच चुकीचा कागद लागला आहे, आणि त्याखाली आपलं नाव आहे, असं समजून तुम्ही ती वर्षं काढलीत. माझ्या एका वाक्याने तुम्ही सुटला असतात.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, दादालाही नाही. तेराव्यानंतर त्याने विचारलं, भिंतीवरचा बाबांचा कागद कुठे गेला. तो माझ्या पर्समध्ये होता. मी म्हटलं, वाळवी लागली होती, टाकून दिला.