दाराखालचा टॉवेल

प्रिय लवू,

तुझ्या पवईच्या घरून परत आल्यापासून तोंडात एक घाण चव बसली आहे, ती काही जात नाही. माशाची नव्हे. तुमच्या त्या फिलेला चव होतीच कुठे? पाकिटातून निघालेला बिनकाट्याचा, बिनकातडीचा पांढराफटक तुकडा, तव्यावर पडल्या पडल्या पाणी सोडत बसला. तरी मी तो निमूट खाल्ला, कारण तुझ्या बायकोने, मानसीने, मनापासून तळला होता, रव्यात घोळवून, कडेने तेल सोडत. चवीवरून भांडण नाहीच माझं.

किळस आली ती तुझी. तवा चढायच्या आधी तू खिडक्या लावल्यास, ओला टॉवेल पिळून दाराखालच्या फटीत कोंबलास, देवापुढची उदबत्ती उचलून ओट्यावर खोचलीस. मी हसले तर म्हणालास, "ताई, हळू गं, समोरचे ऐकतील." समोरच्यांनी कधी माशांच्या वासाची तक्रार केली का, असं मी विचारलं. "नाही ना, पण कशाला रिस्क घ्यायची यार?" कुणी डोळे वटारले नाहीत, कुणी नोटीस लावली नाही, आणि तू आधीच मान खाली घालून मोकळा! आयुष्यभर मी सभांमधून बंदी घालणाऱ्यांवर तुटून पडले. बंदी यायच्या आधीच ती पाळणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला एकाही पुस्तकाने शिकवलेलं नाही.

बाबांची गिरणी बंद पडल्यावर आपण चारकोपला आलो, ते आठवतं? आईने पहिल्याच दिवशी बांगडे तळले, दार सताड उघडं ठेवून. समोरच्या शांताबाई मासे खात नसत. नाकाला पदर लावून आल्या आणि म्हणाल्या, "कमळ, त्या मसाल्यात घालतेस तरी काय? बटाट्याच्या कापांना लावून बघते." मग जन्मभर लावत राहिल्या. तू त्यांच्याकडे काप हाणायचास आणि घरी येऊन वर बांगडा. तेव्हा कुणाचा वास कुणाला लागला नाही.

आता कालचं सांगते. वर्षभर तुझ्याकडे राहून आई चार दिवसांसाठी इथे आली आहे, म्हणून मी ताजे बांगडे आणले. बघून तिचा चेहरा उजळला. स्वतः साफ केले, चिरा पाडल्या, हळद, तिखट, कोकमाचं आगळ चोळलं. आणि तवा ठेवायच्या आधी उठली. एकेक खिडकी लावत गेली. मोरीतून टॉवेल भिजवून आणला, गुडघा धरत जमिनीवर बसली आणि दाराखाली सारायला लागली. "आई, हे काय करतेस?" मी ओरडले. ती दचकली आणि कुजबुजत म्हणाली, "सवय झाली गो. लवूक त्रास नको."

ज्या बाईने आख्ख्या मजल्याला आपल्या तव्याभोवती गोळा केलं, तिला तू स्वतःच्या जेवणाची चोरी शिकवलीस. प्रेमाने शिकवलीस, हे मला कळतं. म्हणून तर जास्त शिसारी येते.

टॉवेल मी फेकला, तिला उठवलं, दार उघडलं. आई आता तुझ्याकडे परत येणार नाही, एवढंच सांगायला हे पत्र. रविवारी तिचे कपडे आणि औषधं घेऊन ये. जेवूनच जा. काय तळलंय ते तुला जिन्यातच कळेल.

रागावलेली, तरी तुझीच,
सुलक्षणाताई