आईची पाठ पाण्याकडे

प्रिय कनिशाय एजे,

"पाणी बघायला कोण जातं गं? पाणी आणायला जातात," असं आई तुला म्हणाली होती, आठवतंय? तू नदीच्या मुखाशी हंस बघत बसली होतीस. (हंस उडाले, बादली वाहून गेली, मार मात्र मला मिळाला. असो.) तुझी, भाऊजींची तब्येत बरी असेल. गुराढोरांचीही विचारपूस करायची आपली रीत. पण तिकडे बिश्केकला नवव्या मजल्यावर तुझ्याकडे साधं मांजर नाही. तेव्हा, लिफ्ट बरी आहे ना?

तर त्याच आईने परवा जाहीर केलं, "शनिवारी थोरली कनिशाय मला कायमची बिश्केकला नेतेय. त्याआधी ते पाणी एकदा बघून येऊ." त्यूप नदी सरोवराला मिळते तिथल्या टेकाडावर आता लाकडी ओटा बांधलाय, कठडा, फोटो काढायला बदामाच्या आकाराची चौकट, सगळं आहे. मी म्हटलं, पटकन जाऊन येऊ. (इतकी वर्षं इथे राहून मी असं म्हटलं!) वाटेत ज्या ज्या दारातून हाक आली, तिथे तिथे गाडीतून उतरून नानचा तुकडा तोंडात टाकणं आलं. नानला पाठ दाखवून कसं जायचं? नानमागून चहा, चहामागून जर्दाळूचा मुरंबा, मुरंब्यामागून त्या घरच्या सुनेची गाऱ्हाणी. पोहोचेपर्यंत उन्हं कलली.

ओट्याच्या पायऱ्यांशी आईने पायातले रबरी गलोश काढले. "झाडलेली फळी आहे, म्हणजे कुणाचं तरी घरच की." मग जेवणाचं दस्तरखान अंथरलं, त्यावर कणकेचे तळलेले बोरसोक ओतले आणि सगळ्यांत वडील माणसाने बसायचं तिथे, म्हणजे दारासमोर अगदी आत, मानाच्या जागी जाऊन बसली. आता ओट्याचं दार म्हणजे पायऱ्या, आणि मानाची जागा म्हणजे कठड्याजवळ. थोडक्यात, सगळं पाणी आईच्या पाठीमागे आणि डोळ्यांसमोर आपली गाडी. मी म्हटलं, "आई, जरा इकडे येतेस?" तर म्हणाली, "दाराजवळ? मी काय कालची सून आहे?"

तेवढ्यात शहरातलं एक जोडपं फिरायला आलं. आईने त्यांना वयाप्रमाणे पायऱ्यांशी बसवलं. (सगळ्यांत उत्तम जागा!) मुलगी आईच्या खांद्यावरून बघत म्हणाली, "काय अप्रतिम आहे हो!" आई खूश झाली. "साय लावून खा, आणखी छान लागतं."

शेवटी मी गाडी काढली आणि गावातून शारशेन आकेंना आणलं. आपल्या आईहून वडील असं माणूस आता तेवढंच उरलंय. वाटेत त्यांना सांगितलं, "आके, एकीला जागेवरून उठवायचंय." "कुणाला?" "आईला." "मग मला इथेच उतरव," म्हणाले, पण बोरसोक ताजे आहेत हे कळल्यावर बसून राहिले. त्यांना पाहताच आई आपणहून उठली. "या आके, वर बसा." आणि स्वतः माझ्याशेजारी, खाली पायऱ्यांजवळ येऊन बसली.

मग तिने समोर पाहिलं. नदीचं गढूळ पाणी निळ्या पाण्यात शिरत होतं, लव्हाळ्यांत बगळे होते. तिच्या हातातला चहा थंड झाला. "इतकं सगळं होतं होय इथे?" म्हणाली. "मी आपली बादलीच बघत राहिले."

आकेंनी विचारलं, "मागे काय आहे गं?" "काही नाही, पाणी. तुम्ही खा."

तुझी धाकटी बहीण,
सिरगा

ता. क. आईने बोचकं बांधलंय. सगळ्यांत वर तुझ्यासाठी वाळवलेले जर्दाळू आहेत. "थोरलीने हौसेने बोलावलंय, नाही कसं म्हणायचं?" म्हणते. तेव्हा काळजी नको, ती येईल.

ता. क. २. बोचकं ती रोज सोडते आणि पुन्हा बांधते. आज विचारत होती, नवव्या मजल्यावरून काय दिसतं? मी म्हटलं, समोरचा नववा मजला. हसली, पण मग जेवली नाही. एजे, शनिवारी नुसती गाडी पाठवू नकोस, तू ये. निघण्याआधी आईला घेऊन पुन्हा त्या ओट्यावर जाऊ. आकेंना मी वर बसवते. माझी पायऱ्यांजवळची जागा तू घे. तिथून पाणी दिसतं आणि शेजारी बसलेल्या आईचा चेहराही. तिथे बसून तिला विचार, खरंच यायचंय का. तुला सवड नसेल, आणि थोरलीने दाराशी का बसायचं असंही म्हणशील, मला ठाऊक आहे. तरी ये.