अंगठ्याखालचं अंतर

प्रिय ताई,

विमान उतरलं की तू मला शोधशील. मी त्यात नाही. वैमानिक खुर्ची काढून स्ट्रेचर बांधतोय, तेवढ्यात हे लिहितेय. फोन टपाल कचेरीत आहे आणि ती दुपारी उघडेल. हे त्याआधी तुझ्या हातात पडेल.

काल तू फोनवर एवढंच म्हणालीस, "बाबा तुझी वाट बघतायत, निघ." लगेच बॅग भरली. इथं विमानात चढण्याआधी माणसं मासळी तोलायच्या काट्यावर उभी राहतात. विमान एवढंसं, वजन वाढलं तर आधी सामान उतरवतात, मग माणसं. पहिल्यांदा मी पोट आत ओढून उभी राहिले, तर वैमानिक म्हणाला, "मास्तरीणबाई, श्वास रोखून वजन घटत नाही." घरी हे सांगितलं तेव्हा बाबा ठसका लागेपर्यंत हसले होते, आठवतं?

इथल्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी त्यांना नकाशा दाखवला होता. जन्मभर दोर वळलेला त्यांचा अंगठा समुद्रावर टेकला, तर आपलं आणि इथलं, दोन्ही बेटं झाकली गेली. "एवढंच? मग जेवायला घरी येत जा." घरातली पहिली पदवीधर ना मी, समजावत बसले: विमानाला पाऊण तास, पण ते आठवड्यातून एकदा, तेही वाऱ्याच्या मर्जीनं. बोट मोठ्या बंदराला वळसा घालून चार-पाच दिवसांनी पोचते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अंगठा पुन्हा तिथंच ठेवला.

आज वजनं झाली, आम्ही आत बसलोही होतो. तेवढ्यात पाववाल्याच्या बायकोला घराच्या उखडलेल्या दारावर झोपवून आणलं. कालपासून कळा, मूल आडवं. ती आणि सोबत नर्स, म्हणजे दोघांनी उतरायला हवं. एक व्यापारी पुटपुटत उतरला. उरलो मी, डोळ्यांच्या ऑपरेशनला निघालेली आजी आणि तिची सून. बाबा फार दिवसांचे नाहीत हे सगळ्या बेटाला माहीत आहे, म्हणून मला कुणीच उतर म्हणेना. शेवटी आजीच उठली आणि पायानं पायरी चाचपायला लागली. तिला बसवून मी उतरले. मोठ्या मनानं उतरले असं समजू नकोस, ताई. उतरताना मला त्या अडलेल्या बाईचा राग आला होता. अजूनही पुरता गेलेला नाही.

पत्र नर्सकडे देतेय. ती बाई बाबांना ठेवलंय त्याच दवाखान्यात येईल. तिचा नवरा इथंच राहिला, तेव्हा तिच्याकडेही बघ. पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी. तू बाबांना सांगितलं असशील, ती आज येतेय म्हणून. त्या भरवशावर ते श्वास धरून असतील. बोटीनं मी निघेनच, पण तोवर त्यांना थांबवू नकोस. खोटंही सांगू नकोस. म्हणावं, मास्तरीण आज पोचत नाही, वाट बघू नका. मग नकाशा उघड आणि त्यांचा अंगठा धरून तिथं टेकव. त्यांना कळेल.

तुझीच,
धाकटी