सिनागची आरोळी

७ जुलै
मनिलाच्या गेम कंपनीने मला इतिहास आणि तागालोगचा सल्लागार नेमलं! मारामारीच्या गेममध्ये नवी लढवय्यी येणार, सिनाग. स्पॅनिश लोकांविरुद्ध उठलेली, हातात कोयता. जाड पुस्तकं आणली. उद्यापासून कसून अभ्यास.

२० जुलै
पुस्तकं उघडली नाहीत. उकडतं फार. त्यापेक्षा ताआलला चोलेंगआत्याकडे गेलो. तिची आजी म्हणे टोपलीत माशांखाली कोयते लपवून शिपायांसमोरून न्यायची. झाला इतिहास! मग आत्याचे यजमान बर्तोकाका झुंजीचा कोंबडा मांडीवर घेऊन बसले आणि तिचा तोल सुटला, शिवीसकट: "लेच्चे! त्या कोंबड्याचे पाय रोज चोळतोस, माझे कधी चोळलेस का रे मेल्या?" नंतर रडली बिचारी. माझा फोन रेकॉर्ड करत होता. आपोआप.

३ ऑगस्ट
स्टुडिओतल्या नटीची आरोळी म्हणजे साखरेचं पाणी. सिनागच्या कथेत आजीची टोपली घातलीच होती, म्हणून फोनमधला आत्याचा आवाजही दिला. तात्पुरता. परदेशी पोरांना अर्थ काय कळणार? रविवारी आत्याला विचारतोच.

९ ऑगस्ट, रविवार
वादळाचा इशारा. गेलो नाही.
संध्याकाळी लख्ख ऊन. इशाऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

६ सप्टेंबर
गेलो. आत्याने केळीच्या पानात वाफवलेले भाताचे सुमान केले होते, कॉफी कडक. विचारणार तेवढ्यात म्हणाली, "तुझ्यासारखा गुणी पोरगा घराण्यात नाही." आता अशा वेळी कसं विचारायचं? सुमान घशाखाली उतरेना. चार खाल्ले.

२८ ऑक्टोबर
सिनाग गाजतेय! परदेशी लोक लिहितात, काय ही प्राचीन रणगर्जना! श्रेयनामावलीत माझं एकट्याचं नाव. आत्याचं पुढच्या वेळी नक्की घालू. जीव खातो हा विचार, म्हणून करत नाही.

११ नोव्हेंबर, ताआलची जत्रा
चौकात पोरांनी मोठ्या पडद्यावर गेम लावला. सिनागने कोयता उगारला आणि अख्ख्या गावाने ऐकलं, कोंबड्याच्या पायांसकट. हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "बर्तो, चोळ की रे!" काका मान खाली घालून निघून गेले.
आत्या स्वयंपाकघरात होती. म्हणाली, "आजीची गोष्ट जगाला सांगितलीस, बरं केलंस. पण ते माझं घरातलं होतं रे."
तिचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यावा म्हणून वाकलो. तिने हात मागे घेतले. हात ओले आहेत म्हणाली.
असतील ओले. जत्रेचा स्वयंपाक म्हणजे धुणंपुसणं आलंच.
मला कोरडे दिसले.