ड्रमचं वाकडं भांडं

बाबा,

कामावर निघालोय. समोर सांगायची हिंमत होईना, म्हणून लिहितोय.

गॅलरीत मी हाताने ठोकून घडवतोय त्या वाजवायच्या ड्रमचं पितळी भांडं वाकडं निघालं, तेव्हा तुम्हीच पाडलंत म्हणून मी खेकसलो. तुम्हाला हल्ली आठवत नाही, म्हणून तुम्ही "पडलं असेल रे माझ्या हातून" म्हणालात, आणि तेव्हापासून कपबशीलाही हात लावत नाही. काल तांबटाला दाखवलं, तर तो हसलाच. एकाच बाजूला जास्त ठोकलं की पत्रा पसरतो, म्हणाला. म्हणजे हात माझाच वाकडा. फार लाज वाटतेय.

चहा थर्मासमध्ये आहे. तुमचा काचेचा कप बाहेर काढलाय, त्यातच घ्या.

चिठ्ठी फाडू नका. विसरलात तर पुन्हा वाचा: तुमच्या हातून काहीही पडलं नव्हतं.