मेंढक्याची मान

मंगळवार, ७ जुलै

प्रिय अक्का,

नमस्कार. हल्ली पायाला हात लावायची सोय नाही, तेव्हा कागदावर डोकं टेकलंय असं समज. पाकीट दिवसभर उन्हात ठेवून मग उघड, आणि हात धू. सूनबाईची सक्त ताकीद आहे.

आम्ही सगळे बरे. गुडघा माझ्याहून आधी उठतो आणि मला उठवतो. गॅलरीतल्या कुंडीत गवत माजलंय, ते उपटत नाही. त्याच्याकडे बघत बसलं की आपल्या शाळेमागचं माळरान दिसतं. तू हसशील. पण घरात कोंडलेल्या म्हाताऱ्याला एवढी कुंडी पुरते.

फोनवर आपण रोज बोलतो, मग मी पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू पहिलंच विचारतेस, "जेवलास का रे पोपट?" आणि माझ्या ओठांवर आलेलं पुन्हा आत जातं. म्हणून हे.

गुरुवारचा व्हिडिओवरचा कवितांचा वर्ग छान चाललाय. बेकरीवाल्यांनी परवा अख्खी कविता म्हटली, पण कॅमेरा छताकडे. आम्ही सगळे त्यांचा पंखा बघत दाद देत होतो. नर्सबाई अजून तशाच, कोणी खोकलं की पडद्यावरूनच औषध सांगतात. तुझी सगळे चौकशी करतात. "अक्कांचा व्हिडिओचा फोन दुरुस्त झाला का?" हेडमास्तर दर वेळी विचारायचे. मी म्हणायचो, "बघतोय." आणि कवितेचं पान उलटायचो.

अक्का, तुझा फोन बिघडलेला नाही.

एवढं लिहून मी पाणी पिऊन आलो; आता मागे फिरता यायचं नाही.

तुला आठवतं, वर्ग सुरू झाला तेव्हा हेडमास्तरांनी मला मॉनिटर केलं होतं. कुणाच्या घरी कुकर शिट्ट्या मारायचा, कुणाकडे नातवंडांची मारामारी. तेव्हा त्यांचा आवाज बंद करायचं बटण माझ्याकडे दिलं. या वयात मॉनिटर! लहानपणी न मिळालेला बिल्ला छातीवर लागल्यासारखं झालं. मी बटण दाबायचो आणि वर म्हणायचो, "शांतता!"

तू शाळेतली 'मेंढका' कविता म्हणायला घेतलीस, त्या दिवशी मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की मला कवितेची गोडी लावली ती हिनं. भाकरी थापत माझ्याकडून पाठ करून घ्यायची, आणि मी अडलो तर शब्द सांगायची नाही, नुसती चाल गुणगुणायची. त्या चालीच्या मागोमाग शब्द आपोआप यायचा. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आता ऐकाच."

डोंगरातुनी येइ मेंढका, खांद्यावरती सांज,
गळ्यात घंटा किणकिण करते, जशी चिमुकली झांज.

आणि तू थांबलीस. पुन्हा डोंगरातुनी. पुन्हा झांज. पुन्हा पहिल्यापासून. बेकरीवाल्यांनी खाली बघितलं. हेडमास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. अक्का, मला त्यांची लाज वाटली. म्हणजे खरं लिहायचं तर तुझी वाटली. आणि तिच्याखाली भीती होती, हिचं आता हे असंच होत जाणार की काय. माझं बोट बटणावर गेलं.

चाल धरायची होती. एवढंच करायचं होतं. ते सुचलं नाही, बटण सुचलं.

"अक्कांचं नेट गेलेलं दिसतंय," मी म्हणालो.

इथवर मी एखाद वेळी स्वतःला माफ केलं असतं. घाबरलो, चुकलो. पण पुढचं ऐक. तुझा आवाज बंद होता, चित्र चालू होतं. तू म्हणतच होतीस. आणि एकाएकी तू मान वळवून मागे पाहिलंस, कपाळावर हात आडवा धरून, शाळेत हावभावांसह म्हणायचो तश्शी. ते तिसऱ्या ओळीला असतं. वळुन पाहतो पुन्हा पुन्हा तो, कोण राहिले दूर. म्हणजे तुला ओळ आठवली होती! पुढची सगळीच आठवली होती. तुझा चेहरा असा उजळला होता. आणि बटण माझ्या बोटाखाली होतं. तेव्हा दाबलं असतं तर आवाज सुरू झाला असता. पण मग सगळ्यांना कळलं असतं, की तो बंद कुणी केला होता. मी नाही दाबलं. तू शेवटपर्यंत म्हटलीस, हात जोडलेस, आणि टाळ्यांची वाट बघत बसलीस.

संध्याकाळी तुझा फोन आला. "ऐकलंस ना रे? अडले मधे, पण आठवली बघ!" मी म्हणालो, "नाही गं, नेट गेलं होतं तुझं." तू हसलीस. "जळ्ळा मेला फोन! वर्गाचा खोळंबा झाला माझ्यापायी. सगळ्यांची माफी माग माझ्या वतीनं." आणि फोन कपाटात ठेवलास. म्हणतेस, जुनाच बरा, बोलण्यापुरता. एकटी राहतेस, दार उघडायला माणूस येत नाही, आठवड्यातून एकदा चार तोंडं दिसायची तीही मी घालवली. आणि तुझी माफीसुद्धा मी मागून आलो, अक्का. वर्गात. तुझ्या वतीनं.

गेल्या गुरुवारी मात्र वर्गात सगळं सांगून टाकलं. मग नर्सबाई म्हणाल्या, "त्यांनी मान वळवली ना, तेव्हा मी घरात मोठ्यांदा ती ओळ म्हटली. मला वाटलं, फोन फक्त माझाच बिघडलाय." बटण आता त्यांच्याकडे आहे. हेडमास्तर एवढंच म्हणाले, "मॉनिटर, 'मेंढका' पुढे कुणी म्हणायचा नाही. तिसऱ्या ओळीपासून अक्का म्हणतील."

तू रागावशील, रागाव. वर्गात सगळ्यांसमोर रागाव, मी ऐकून घेईन. अडलीस तर अडलीस. या वेळी चाल मी धरीन. आणि तुला मुळीच यावंसं वाटलं नाही, तर तेही मला फोनवर सांग, 'जेवलास का' विचारायच्या आधी.

कपाटातला फोन काढून चार्जिंगला लाव. गुरुवारी चार वाजता.

दुसऱ्या ओळीवर थांबलेला,
मान वळवून बसलेला,
तुझा पोपट