नऊ नंबरची ट्यूब

२ डिसेंबर २०२४, सोमवार
कारखान्याला सुट्टी, बॉयलर थंड. घनश्यामशेठच्या या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात बावीस वर्षं हातोडीनं बॉयलरच्या ट्यूबा ठोकून मीच सांगतो, कोणती कधी जाईल. आलो तेव्हा जळणाच्या पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या काड्यांचे, भारे उचलायचो. शिकवलं कुणी नाही, कानांनी शिकलो. आज शेठनी ट्यूबा तपासायला नागपूरहून उर्वशी मॅडम आणल्या. मुठीत मावेल एवढी मशीन, वायर, जेल. शेठ म्हणाले, उकंडाजी, यापुढं मशीन सांगन ते. तुमी आता आराम करा.
करतो. बदला घेणं माझ्या स्वभावात नाही. फक्त धडा शिकवणार.

त्याच दिवशी, दुपारी ४
मॅडम गेल्यावर रांगेतल्या पंचवीसही ट्यूबा ठोकल्या. दारापासून नववी बद्द वाजली. तडा. शनिवारच्या आत फुटणार. बोललो नाही. चिठ्ठीवर ९ लिहिलं, पाकीट डिंकानं बंद केलं, शेठला दिलं. फुटल्यावर उघडा म्हटलं. हसले. हसा.

३ डिसेंबर
साळा प्रफुल्ल याच बॉयलरवर भट्टीत पऱ्हाटी टाकतो. म्हणाला, भाऊजी, मॅडमनं सतरा नंबर धरला, नवी ट्यूब शनिवारी येऊन राह्यली. सतरावी तर देवळातल्या घंटीसारखी वाजते. मशीन कामातून गेली.
प्रफुल्लले म्हटलं, दोन पावलं मागून टाकत जा. कायले, म्हणाला. म्हटलं, धूर लागते. माझ्याइतकी काळजी कोण घेते.

५ डिसेंबर
सकाळपासून महागाव रोडवरच्या टपरीवर, कारखान्याच्या अगदी समोर. सहा चहा. फुटली नाही. मॅडमनं प्रेशर अर्ध्यावर ठेवायला लावलं म्हणे. ही शुद्ध लबाडी. अर्ध्या प्रेशरवर कोणती ट्यूब फुटेल?
घरी बायको, इंदूबाई, म्हणाली, टपरीवर कायची वाट पाहून राह्यले? म्हटलं, न्यायाची. म्हणाली, मग येताना दळण घेऊन या.

७ डिसेंबर, शनिवार
बॉयलर बंद करून सतरा नंबरची ट्यूब कापून काढली. केसाएवढा तडा, हातभर लांब. शेठनी सगळ्यांसमोर पाकीट फाडलं. नऊ. फिटर लोक हसले.
मी रिकाम्या जागेपाशी गेलो. दारापासून मोजलं. नववी. मॅडम चिमणीकडून मोजतात. त्यांची सतरा तीच माझी नऊ.
शेठ, इकडून मोजा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शेठच बोलले, बरं झालं उकंडाजी, तुमी चुकले. बरोबर ओळखून पाकिटात दाबून ठेवलं असतं, तर या प्रफुल्लले काय तोंड दाखवलं असतं? चार दिवस तो या ट्यूबसमोरच उभा होता.
प्रफुल्ल शेजारीच होता. मान हलवत होता, बरोबर आहे म्हणून.
म्हटलं, वय झालं शेठ. नऊच धरली होती. चुकलो.
मॅडमनी रिपोर्टमध्ये ओळ टाकली, हातोडीची पद्धत भरवशाची नाही. साक्षीदार म्हणून माझी सही मागितली.
केली.